सगळ्यांत वाईट आकडा

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याला मधुमेह झाला. हसू नका. लोक असेच हसतील या भीतीनेच तर त्या गृहस्थाने पुढचा सगळा घोळ घालून ठेवला. तो घोळ निस्तरण्यासाठी एका वृद्धाने जो उपाय केला, तो प्रथमदर्शनी वेडेपणाचा वाटावा असाच होता. तोच सांगण्यासाठी आजचा हा प्रपंच.

व्यापाऱ्याचे नाव महालिंग. वय पन्नाशीच्या अलीकडे, पंचगंगेच्या खोऱ्यातल्या एका पेठेत त्याची गुळाची खरेदी. गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला की गावोगावचे शेतकरी गुळाचे मोठमोठे रवे, म्हणजे ढेपी, गाड्यांत घालून पेठेत आणतात. ते ओळीने मांडले जातात आणि ओळीओळीने सौदा चालतो. खरेदीदार रव्याच्या पोटात सुरी खुपसतो, आतला तुकडा काढतो, उजेडात धरून रंग बघतो, बोटांनी चुरडून कणी बघतो आणि शेवटी जिभेवर ठेवतो. या शेवटच्या कामात महालिंगचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता. ऊस कसल्या रानातला, गुळव्याने कढई घाईने उतरवली की उशिरा, हे सारे त्याची जीभ सांगायची. त्याने तुकडा तोंडात टाकून मान हलवली की समोरच्या शेतकऱ्याच्या जिवात जीव यायचा.

ही विद्या त्याला दिली गुरुसिद्धआप्पांनी. आप्पा म्हणजे त्याच पेठेतले जुने खरेदीदार, आता ऐंशीच्या घरात असलेले. महालिंगचे वडील लवकर गेले, तेव्हा आप्पांनी या पोराला हाताशी धरले आणि सुरी कशी धरायची इथपासून शिकवले. आप्पांनी व्यापार सोडला तरी महालिंग त्यांना विचारल्याशिवाय कुठलेही मोठे काम करीत नसे. देवापुढे एकवेळ खोटे बोलेन, आप्पांपुढे नाही, असे तो चारचौघांत सांगायचा. माणूस असे काही छातीठोकपणे सांगू लागला की समजावे, परीक्षा जवळ आली आहे.

झाले असे, की सौद्याच्या जागी पायांत काही घालून कोणी जात नाही. जमिनीवर अन्न मांडलेले असते, तिथे चपला घालून कसे फिरायचे, अशी पूर्वापार रीत. एका सौद्यात महालिंगच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला खाली पडलेला पत्र्याचा तुकडा लागला, आणि ते त्याला कळलेच नाही. घरी आल्यावर फरशीवर उमटलेले रक्त बायकोने पाहिले. जखम भरेना, चिघळू लागली, तेव्हा तो शहरातल्या डॉक्टरबाईंकडे गेला. शुगर अंगात बरीच वर्षे मुरलेली निघाली. पायाची जाणीव बोथट झाली होती, म्हणून पत्रा लागलेला समजला नव्हता. बाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. शुगर ताब्यात आली नाही तर जखम भरणार नाही, जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल अशी हमी मी देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यांनी गोळ्या दिल्या, शुगर मोजायचे मशीन दिले आणि महालिंगच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिले. बोटाला टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, मशीनवर आकडा उमटला की तो ॲपमध्ये भरायचा. दवाखान्यात बसून बाईंना तो दिसे आणि त्यावरून त्या औषध ठरवीत. त्यात आणखी एक सोय होती. घरच्या किंवा जवळच्या एका माणसालाही ते आकडे दिसतील असे करता येई, म्हणजे लक्ष ठेवणारे कोणीतरी असावे. महालिंगने मोठ्या भक्तिभावाने आप्पांचे नाव दिले. आप्पांच्या सुनेने त्यांच्या फोनवर मोठ्या अक्षरांत सगळे लावून दिले, आणि आप्पा रोज चष्मा पुसून शिष्याचा आकडा बघू लागले.

आणि इथेच माशी शिंकली. आप्पा रोज बघणार म्हटल्यावर महालिंगला वाईट आकडा भरवेना. तो फक्त सकाळी उपाशीपोटी मोजू लागला, तेही आदल्या दिवशी बेताने जेवला असेल तरच. आकडा मनासारखा आला की भरायचा. नाही आला तर दुसऱ्या बोटाला टोचून बघायचा. तिथेही नाही जमले तर त्या दिवशी मोजायचे राहून गेले, असे स्वतःलाच सांगायचा. कोणाच्या घरचे लग्न झाले की पुढे दोन-तीन दिवस मशीन कपाटात मुक्कामाला. परीक्षा यानेच घ्यायची, पेपर यानेच लिहायचा आणि तपासायचाही यानेच, मग नापास कोण होणार? आलेख इतका देखणा उतरला, की चौकट करून भिंतीवर लावावा. बाईंनी औषध वाढवले नाही, कारण आकड्यांत वाढवण्यासारखे काही दिसतच नव्हते. जखमेला मात्र आकडे वाचता येत नव्हते. ती ओलीच राहिली.

पुढे रक्ताची ती दुसरी तपासणी झाली, जी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती आलेखाशी अजिबात जुळेना. बाईंनी मशीन तपासले, ते ठीक होते. पुढच्या महिन्यात या, तोवर जखम सुकू लागली नसेल तर अंगठ्याचा निर्णय घेऊन टाकू, असे त्या म्हणाल्या. महालिंग हादरला आणि शहरातून परतला तो थेट आप्पांच्या दारी. औषध घेतो, पथ्य पाळतो, चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, आकडे बघा कसे आहेत, तरी माझ्याच नशिबी हे का, असे म्हणत त्याने फोन आप्पांपुढे धरला.

आप्पांनी तो आलेख पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश बघितला. मग फोन उलटा करून जाजमावर ठेवला.

"महालिंगा, हे असले चांगले आकडे मला नकोत," ते म्हणाले. "उद्यापासनं रोज एकच पाठवायचा. दिवसभरातला सगळ्यांत वाईट. ज्याची तुला लाज वाटंल असा. चांगला पाठवायचा असंल, तर माझ्या दारात येऊ नकोस."

महालिंग चक्रावला. गुरू शिष्याकडे उत्तम मागतो, हे त्याने आयुष्यभर ऐकले होते. हे उलटेच काहीतरी. वयापरत्वे आप्पांचे डोके जरा फिरले असावे, अशी शंकाही त्याच्या मनात येऊन गेली. पण आप्पांचा शब्द मोडायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने जेवणानंतर मोजून आकडा भरला. एकशे एकेचाळीस. आप्पांचे उत्तर आले, "याहून वाईट शोध." त्याच्या पुढच्या दिवशी चहानंतरचा पाठवला. उत्तर तेच.

आता महालिंग मुळात हट्टी माणूस. रव्यात खोट आहे असा संशय आला की ती सापडेपर्यंत सुरी खाली ठेवायचा नाही. तो इरेला पेटला. म्हाताऱ्याला वाईटच हवाय ना, मग असा आणून देतो की पुन्हा मागायचे नाव काढणार नाहीत, असे मनाशी ठरवून त्याने स्वतःच्या दिवसाचा एकेक कोपरा धुंडाळायला सुरुवात केली. नाश्त्यानंतर मोजले, बायकोशी वाजल्यावर मोजले, लेकीच्या सासरी जेवून आल्यावर मोजले. आकडे थोडे चढत होते, पण अंगठा खाऊन टाकेल असा त्यांत एकही नव्हता.

एकच वेळ राहिली होती, सौद्यानंतरची. ती त्याने टाळली होती असे नव्हे, त्याच्या ध्यानातच आली नव्हती. सौद्यात तो काही खात नसे. तो चाखत असे. चाखणे म्हणजे खाणे, असे त्या पेठेत आजवर कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. चाखणे म्हणजे काम. घरी हा गृहस्थ पुरणपोळीकडे पाठ करून बसायचा, आणि पेठेत येऊन ओळीमागून ओळीतला गूळ जिभेवर विरघळवायचा, दुपार टळेपर्यंत. पथ्य विचारले तेव्हा डॉक्टरबाईंना त्याने खाण्याचे सगळे सांगितले, गुळाचा उल्लेखही केला नाही. खोटे बोलायचे म्हणून नव्हे हो, तो त्याच्या हिशेबातच नव्हता.

त्या दिवशी सौदा संपल्यावर तो दुकानात आला. बोटाला गूळ लागलेला असेल तर आकडा फसवा येतो, हे बाईंनी बजावले होते, म्हणून साबणाने हात स्वच्छ धुऊन कोरडे केले. टोचले. तीनशे अठरा. त्याने पुन्हा हात धुतले आणि दुसऱ्या बोटाला टोचले. आजवर दुसऱ्या बोटाला तो टोचत असे ते आकडा कमी यावा म्हणून. आज त्याला खात्री करून घ्यायची होती. तीनशे बारा.

त्याने फोन हातात घेतला. हा आकडा भरला की आप्पांना दिसणार, बाईंना दिसणार. इतक्या दिवसांचा तो देखणा आलेख एका क्षणात खोटा ठरणार. न भरला तर कोणालाही काही कळणार नव्हते, अंगठा सोडून. त्याने तीनशे अठरा भरला आणि लंगडत आप्पांच्या घरी गेला.

आप्पांच्या समोर बसताच त्याला रडू फुटले. आकडे निवडून भरत होतो हे त्याने कबूल केले. गुळाचे मात्र खरोखर लक्षात आले नव्हते, चाखणे म्हणजे खाणे नव्हे असेच वाटत होते, हेही सांगितले. आप्पांनी त्याला पाणी दिले. तो शांत झाल्यावर त्यांनी विचारले, सुरी रव्यात कुठे घालतोस. महालिंग म्हणाला, पोटात. वरचाच तुकडा का घेत नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, वरून सगळेच रवे चांगले दिसतात.

"मग स्वतःच्या देहाचा सौदा वरनं बघून का केलास?" आप्पा म्हणाले. "एकेक आकडा बघत होतो तोवर मीही फसलो. त्या दिवशी सगळे ओळीनं बघितले आणि वळखलं. सगळे रवे एकसारखे सुंदर दिसले की खरेदीदारानं सुरी काढायची असते. तुला तसं तोंडावर सांगितलं असतं, तर तू मान डोलावली असतीस आणि आणखी जपून खोटं भरलं असतंस. म्हणून वाईट आकडा तुलाच शोधायला लावला. आता ऐक. आकडा म्हणजे तुझी लायकी न्हवं. तो तुझ्या रक्तानं दिलेला जबाब आहे. चांगल्या आकड्याला डॉक्टर लागत नाही आणि मीही लागत नाही. दुखणं राहतं ते वाईट आकड्याच्या घरी, आणि तो पत्ताच तू बाईंना दिला नव्हतास. मग औषध पोचायचं कुठं?"

महालिंगला आप्पांचा राग आला नाही, स्वतःचाही आला नाही. इतक्या महिन्यांनंतर प्रथमच नेमके कुठे लढायचे हे त्याला कळले होते, आणि त्यामुळे त्याच्या अंगात बळ आले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांनीही तो आकडा पाहिला होता. महालिंगने सगळे सांगितले. बाईंनी इन्सुलिन सुरू केले आणि दोन गोष्टी बजावल्या. गूळ जिभेला लावायचा नाही, आणि अनवाणी एक पाऊल टाकायचे नाही. बोलायला सोपे. पण त्यासाठी पेठेच्या दोन रीती चारचौघांच्या डोळ्यांदेखत मोडायच्या होत्या. आपल्या आजाराबद्दल महालिंगने तिथे कोणाला अवाक्षर सांगितले नव्हते. गुळाच्या व्यापाऱ्याला शुगर, म्हणजे पेठेला वर्षभर पुरेल असा विनोद. शिवाय खरेदीदाराची जीभ गेली तर त्याच्याकडे गूळ आणेल कोण? चाखून थुंकून टाकावा म्हटले, तर शेतकऱ्यासमोर त्याचा गूळ थुंकणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणे. तोंड आलेय असे सांगतो, असे महालिंग आप्पांना म्हणाला. आप्पा म्हणाले, "किती दिवस येईल तोंड?"

दुसऱ्या दिवशी सौद्याला महालिंग कोरे करकरीत कापडी बूट घालून आला. बघणाऱ्यांच्या भुवया वर गेल्या, कुजबुज सुरू झाली. पहिलीच ओळ रंगराव खोतांची होती. हे खोत म्हणजे महालिंगच्या वडिलांच्या वेळेपासूनचे शेतकरी, सत्तरीचे, मानी गृहस्थ. महालिंगने रव्यात सुरी घातली, तुकडा काढला, रंग पाहिला, चुरडून कणी पाहिली, वास घेतला आणि तुकडा रव्यावर ठेवून दिला. रंगरावांचा चेहरा उतरला. ते आधी त्या तुकड्याकडे बघत राहिले आणि मग बुटांकडे.

"का वो महालिंगशेठ," ते म्हणाले, "औंदा माझा गूळ तोंडात घालण्याजोगा न्हाई झाला?"

महालिंग मागे हटला नाही. सगळ्या ओळींना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितले.

"मामा, गूळ चांगला आहे, माणूस बिघडलाय. मला शुगर आहे. सौदा झाल्यावर मोजली तर तीनशे अठरा निघाली. पायाची जखम भरत नाही, अंगठा जायची वेळ आलीय. आजपासनं मी गूळ चाखणार नाही, आणि बुटाशिवाय इथं पाऊल टाकणार नाही. कुणाला चालत नसेल त्यानं दुसऱ्याला गूळ घालावा. मी राग धरणार नाही."

दोघे-तिघे हसले. हसणारच. ज्या हसण्याच्या धाकाने महालिंगने पायाचा बळी द्यायची तयारी केली होती, ते हसणे प्रत्यक्षात इतके छोटे होते, की पुढच्या ओळीपर्यंतही टिकले नाही. रंगराव पुढे आले. त्यांनी रव्यावरचा तो तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"मी चाखतो," ते म्हणाले. "तुमी इचारा."

विकणाऱ्याने चाखायचे आणि घेणाऱ्याने त्याच्या शब्दावर घ्यायचे, असा सौदा त्या पेठेने कधी पाहिला नव्हता. महालिंगने विचारले, गोडी कशी आहे. रंगराव म्हणाले, चांगली आहे. मग महालिंगने खरा प्रश्न विचारला. गिळल्यावर मागे खारट चव राहते का? या एका उत्तरावर भाव उतरणार, हे रंगरावांना पक्के ठाऊक होते. ते थोडा वेळ जीभ टाळूला लावून उभे राहिले.

"राहतीया जराशी," ते म्हणाले. "नदीकाठच्या तुकड्यातला ऊस हाय ह्यो. बाकीच्या ओळीत न्हाई राहणार."

महालिंगने त्यांना भरल्या डोळ्यांनी नमस्कार केला. एकाने आपला वाईट आकडा सांगितला, तेव्हा दुसऱ्यालाही आपला सांगायचे धैर्य झाले.

पुढे सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. जिभेशिवाय खरेदी करताना महालिंग फसला, दोन वेळा चांगलाच फसला. जुने काही शेतकरी दुसरीकडे गेले. सणावारी शुगर चढली, एकदा इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर केला तर इतकी उतरली की हातपाय थरथरू लागले. पण या वेळी त्याने सगळे भरले. चढलेले, उतरलेले, लाजिरवाणे, एकूण एक. आलेख ओबडधोबड झाला, आणि त्या ओबडधोबड आलेखावरून बाईंनी औषधाचे प्रमाण पुन्हापुन्हा बदलले. महिन्याने त्यांनी पट्टी सोडून पाहिले तेव्हा जखमेच्या कडा सुकू लागल्या होत्या. अंगठ्याचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला. हंगाम संपत आला तेव्हा जखम पूर्ण भरली, आणि तो निर्णय घ्यायचे कारणच उरले नाही. अंगठा जागेवर राहिला.

त्या सुमारास एका संध्याकाळी महालिंगने आप्पांना आकडा पाठवला. एकशे अठ्ठावन्न. याहून वाईट शोध, असे उत्तर येणार हे धरून त्याने खाली आधीच लिहून टाकले होते, "सकाळी पाहिलं, जेवणानंतर पाहिलं, सौद्यानंतर पाहिलं. आप्पा, आज याहून वाईट नाही."

आप्पांनी ते वाचले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि ते म्हणाले, "सूनबाई, महालिंगला सांग, आज जेवायला इकडंच ये म्हणावं. आणि भाकरीच टाक, भात नको."